सोंग पुराणातलं, नेम साहेबावर

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहणाऱ्याला नाटक बघायला पुणं गाठावं लागत नाही. आचार्य अत्रे रंगमंदिर नगरातच आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते अत्रे १३ ऑगस्ट १८९८ ला सासवडजवळच्या कोडीतमध्ये जन्मले, तेव्हा टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते आणि चिंचवडच्या दामोदर चापेकरांना येरवड्यात फासावर चढवून जेमतेम चार महिने झाले होते. सरकारविरुद्ध उघड बोलायची सोय नाही आणि गप्प तर बसवत नाही, असा तो काळ. मग लोकांनी सोंगं आणली. रंगमंचावर आणली, छापील चित्रांत आणली, गणपतीच्या मांडवात आणली आणि भर रस्त्यातही आणली. बोलायचा कीचक, मरायचा राक्षस, आणि घाम फुटायचा साहेबाला.

या खेळाच्या बऱ्याच जागा आपल्या आसपासच आहेत. पिंपरीहून लोणावळा लोकल धरली की पुढचंच स्टेशन चिंचवड, आणि लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे मळवली. उलट्या दिशेला मेट्रोत बसलं की कसबा पेठ आणि मंडई. या एका रेषेवर चित्र, नाटक आणि राजकारण यांची इतकी सरमिसळ झाली आहे की एक धागा ओढला तर तिन्ही हातात येतात.

छपाईचा शोध लावला नाटकवाल्यानं

दगडावरून चित्र छापायची विद्या, म्हणजे आपल्या जुन्या लोकांचा शिळाप्रेस, कोणी शोधून काढली? एका नाटककारानं! म्युनिकचा आलोइस सेनेफेल्डर हा नटाचा मुलगा. स्वतः नाटकं लिहायचा, पण ती छापून घ्यायला पैसे नसायचे. स्वस्तात छापायचा मार्ग शोधता शोधता १७९६ च्या सुमाराला बव्हेरियातल्या चुनखडीच्या गुळगुळीत लादीवर त्याचे प्रयोग सुरू झाले. धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला हाताशी कागद नव्हता, म्हणून ती त्यानं दगडावरच खरडली आणि तिथून पुढची वाट सापडली, असं तो स्वतः सांगतो.

युक्ती साधी आहे आणि म्हणूनच विलक्षण आहे. घासून सपाट केलेल्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. वरून गोंद आणि थोडं आम्ल फिरवायचं. मग दगड ओला करायचा. चित्राच्या रेघा तेलकट, त्या पाणी धरत नाहीत. उरलेला दगड पाणी पितो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांवर बसते. कागद ठेवा, दाबा, उचला. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न हलता त्याच जागी बसला पाहिजे. देवाच्या ओठांवरची लाली ओठांच्या बाहेर गेली की ती प्रत रद्द. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट ही की दगडावर सगळं उलटं काढायचं. अक्षरं उलटी, चेहरे उलटे. विसरलात तर कागदावर तलवार डाव्या हातात येणार.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी हे तंत्र केवळ बघून उचललं, स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ मध्ये मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला हात लावीनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई करून पोथ्या छापल्या. लोकांची अडचण काय आहे ते ओळखून त्यांनी त्यावर तोडगा काढला आणि छापील कागद देवघरापर्यंत नेला. पुढे राजकारणाची चित्रं याच वाटेनं घरात शिरली.

राजा बंद? मग नट आणा!

पॅरिसमधली गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली. १८३१ मध्ये शार्ल फिलिपाँ या संपादकानं राजा लुई फिलिपचा चेहरा चार पायऱ्यांत हळूहळू नासपती कसा होतो ते काढून दाखवलं. झालं! पॅरिसच्या भिंतींवर जिकडेतिकडे नासपती. ओनोरे दोमिए या तरुण चित्रकारानं राजाला जनतेचा पैसा गिळणारा खादाड राक्षस दाखवलं, तर त्याला सहा महिन्यांची कैद झाली. १८३५ मध्ये राजकीय व्यंगचित्रांवर कायद्यानंच बंदी आली.

दोमिए थांबला नाही. त्यानं रंगभूमीवरचं एक पात्र उचललं. रोबेर माकेर हा एका मेलोड्रामातला दरोडेखोर. फ्रेदेरिक लमेत्र नावाच्या नटानं त्याला फाटक्या कोटातला, ऐटबाज, गोडबोल्या लफंगा करून लोकप्रिय केलं होतं. दोमिएनं या माकेरला बँकवाला केलं, वकील केलं, डॉक्टर केलं, कंपन्यांचे शेअर विकणारा प्रवर्तक केलं. १८३६ ते १८३८ या काळात शंभर चित्रं! राजाचं नाव कुठेच नाही, पण राजाच्या कृपेनं गबर झालेला प्रत्येक जण त्यात आहे. राजाचा चेहरा काढता येत नव्हता, नाटकातलं पात्र काढता येत होतं.

हीच वाट लंडनच्या ‘पंच’नं धरली. १८४१ मध्ये सुरू झालेल्या या साप्ताहिकाचा नायक मिस्टर पंच म्हणजे रस्त्यावरच्या कळसूत्री खेळातला नाकाड्या, कुबडा बाहुला, आणि त्याचं मूळ इटलीच्या जुन्या लोकनाट्यातलं. व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ हा किताब देण्याचा घाट पंतप्रधान डिझरायलीनं घातला, तेव्हा १८७६ मध्ये टेनिएलनं त्याला अल्लादीनच्या खेळातला फेरीवाला करून टाकलं. जुने दिवे द्या, नवे घ्या, तसा हा जुने मुकुट घेऊन नवे विकतोय! ‘ॲलिस’च्या गोष्टींची चित्रं काढणारा टेनिएल तो हाच.

हा बाहुला मुंबईत फार लवकर पोचला. १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाला. १८८८ मध्ये त्याचा ‘हिंदी पंच’ झाला, आणि मिस्टर पंचचे झाले ‘पंचोबा’, इथल्या पोशाखात, इथल्या तोऱ्यात. संपादक बरजोरजी नवरोजी. त्यांच्या चित्रांत काँग्रेसही असायची आणि गव्हर्नरही असायचे. लॉर्ड कर्झनवर तर ‘हिंदी पंच’नं इतकी चित्रं काढली की त्यांचं स्वतंत्र पुस्तक निघालं. ठाण्याहून मराठीत ‘हिंदू पंच’ निघायचा, तो इतका तिखट की गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या शांत माणसालाही त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरावा लागला. कर्झन लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

पुण्याच्या रस्त्यावरचे बिनतिकिटाचे प्रयोग

छापखाना नको, पडदा नको, तिकीट नको. १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, व्याख्यानं झाली आणि सुधारकांनी त्यांची हत्तीसह मिरवणूक काढली. विरोधकांनी काय करावं? एक गाढव सजवलं, त्याचं नाव ठेवलं गर्दभानंदाचार्य, आणि त्याचीही मिरवणूक काढली. एका रस्त्यावर हत्ती, दुसऱ्यावर गाढव. खऱ्या मिरवणुकीवर चिखल आणि दगड आले. सुधारक रानड्यांनी ती सोडली नाही आणि जोतीराव फुले आपली माणसं घेऊन संरक्षणाला उभे राहिले.

फुल्यांना सोंगाची ताकद त्याच्याही आधीपासून ठाऊक होती. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. अडाणी कुणबी जोडप्याला जोशी ग्रहदशेची भीती घालून लुबाडतो, आणि मध्येच विदूषक येऊन जे खरं ते सांगत राहतो. संस्कृत नाटकात विदूषक राजाचा मित्र, खाबू, थोडा बावळट. फुल्यांनी त्याला कुणब्याच्या बाजूनं बोलायला लावलं, आणि रंगमंचावरची सगळ्यांत शहाणी व्यक्ती करून टाकलं. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं, कमिटीनं नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं! मराठी नाटकाच्या इतिहासात ही खंत फार मोठी आहे. हे नाटक त्या वेळी गावोगाव खेळलं गेलं असतं तर आपल्या रंगभूमीनं पहिलं सामाजिक नाटक कधी पाहिलं याचं उत्तर आज वेगळं असतं.

पण फुल्यांचा सगळ्यांत मोठा प्रयोग झाला २ मार्च १८८८ ला, पुण्यात, राणीच्या मुलासमोर. ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. निमंत्रित मंडळी रेशमी, जरीच्या थाटात. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात: डोक्याला फाटकं पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायात झिजलेल्या वहाणा. दारावरच्या माणसानं अडवलं, चिपळूणकरांनी आत घेतलं. मग जोतीराव उभे राहिले आणि त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की या दिवाणखान्यातले दागिने म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा माझ्या अंगावरच्या कपड्यांत आहे, आणि तिला शिक्षण हवंय, हे आपल्या आईसाहेबांना जाऊन कळवा. त्या दिवशी त्यांच्या अंगावरची घोंगडी भाषणाआधीच सगळं सांगून मोकळी झाली होती.

सोंग नेहमी दुबळ्याच्या बाजूनं उभं राहतं असं मात्र नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. आगरकरांसारख्या सुधारकाची तिरडी बांधून, ते जिवंत असताना, त्यांच्या घरावरून प्रेतयात्रा नेली ती याच पुण्यानं. नारायण बापूजी कानिटकरांच्या ‘तरुणी शिक्षण नाटिका’नं १८८६ मध्ये शिकणाऱ्या बायकांची टर उडवली, आणि प्रेक्षक खूश झाले. पंडिता रमाबाईंच्या आणि रखमाबाईंच्या काळात हा विनोद किती झोंबला असेल! हत्यार तेच, फक्त रोख शिकणाऱ्या मुलीकडे वळलेला.

हिऱ्याची भुकटी आणि डुकराचे पोलीस

बडोद्याकडे वळू. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला, की त्यांनी रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची भुकटी घालून विषप्रयोग केला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. मल्हाररावांनी थेट लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणला. कमिशन बरोबर मधोमध फुटलं: इंग्रजांना गुन्हा दिसला, हिंदी सदस्यांना पटला नाही. सरकारनं १८७५ मध्ये महाराजांना तरीही गादीवरून काढलं.

हा मजकूर नाटकवाल्यांसाठी तयारच होता. हिरा, विष, महाराज, साहेब, वकील. मल्हाररावांचं प्रकरण रंगभूमीवर आलं ते नुसतं मराठीत नव्हे. कोलकात्यात अमृतलाल बसूंनी त्याच वर्षी ‘हीरकचूर्ण’ हे नाटक लिहिलं. मराठी राजाची दैना बंगाली प्रेक्षक तिकीट काढून बघत होते. कोलकात्याला या खेळाची सवय होतीच; १८७३ मध्ये तारकेश्वरच्या महंताचं प्रकरण गाजलं तेव्हा नाटकं, कालीघाटची चित्रं आणि लाकडी ठशांचे छाप अशा तिन्ही दुकानांत एकच माल विकला गेला होता.

मग आलं १८७६. प्रिन्स ऑफ वेल्स कोलकात्याला आले आणि जगदानंद मुखर्जी नावाच्या वकिलानं त्यांना थेट घरातल्या जनानखान्यात नेऊन बायकांकडून ओवाळून घेतलं. ग्रेट नॅशनल थिएटरनं लगेच प्रहसन काढलं: ‘गजदानंद ओ युवराज’. पोलिसांनी बंद पाडलं. नाव बदलून ‘हनुमान चरित्र’ आलं. तेही बंद. मग थिएटरनं पोलिसांवरच नेम धरला. पोलीस कमिशनर होते हॉग, म्हणजे डुक्कर, आणि सुपरिंटेंडेंट होते लॅम्ब, म्हणजे कोकरू. नव्या प्रहसनाचं नाव: ‘द पोलीस ऑफ पिग अँड शीप’! नाट्यगृहातली मंडळी कैदेत गेली आणि १६ डिसेंबर १८७६ ला नाट्यप्रयोग कायदा आला. इंग्लंडमध्ये डिझरायली फेरीवाला म्हणून छापला जात होता त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रहसनावर पहारा बसला. या कायद्याची पुढची झळ महाराष्ट्राला लागणार होती.

चित्रशाळेतले गप्प पेशवे

१८७८ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा गळा आवळणारा कायदा केला. आणि त्याच १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. निबंधमालेतून आग ओकणारा हा माणूस तेव्हा फक्त २८ वर्षांचा होता. लेख वाचायला साक्षर माणूस लागतो, चित्राला नुसते डोळे पुरतात, हे त्याला नेमकं कळलं होतं.

चित्रशाळेनं रामपंचायतन छापलं. शिवाजी महाराज छापले, नाना फडणवीस छापले, पेशवे छापले. कुठेही टीका नाही, एक वाकडा शब्द नाही. पण पेशवाई जाऊन साठ वर्षं झालेल्या गावात घरोघरच्या भिंतीवर देवाशेजारी नाना फडणवीस टांगले जातात, तेव्हा ते चित्र गप्प राहूनही बोलतं. रामाचा दरबार बघताना आपला दरबार कुठे गेला हा प्रश्न आपोआप येतो. त्यातून वर्तमानपत्र संध्याकाळी रद्दीत जातं. भिंतीवरचं चित्र दोन पिढ्या बघत राहतं. चिपळूणकर १८८२ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. चित्रशाळा पुढे वासुकाका जोशींनी चालवली.

बडोदा ते मळवली: एका चित्राचा प्रवास

मल्हारराव गेले आणि त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव महाराज. त्यांच्या लहानपणी राज्याचा कारभार बघायला आणले गेले सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी दिवाण. याच माधवरावांनी १८८४ मध्ये चित्रकार राजा रविवर्म्यांना सल्ला दिला: तुमच्या चित्रांना मागणी फार आहे, ती छापून काढा. आणि सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून पौराणिक चित्रांची मालिका काढून घेतली. त्यातलं एक चित्र १८९० चं: कीचक आणि सैरंध्री. सत्तेनं माजलेला सेनापती आणि त्याच्यासमोर अंग चोरून उभी असलेली द्रौपदी.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मग प्लेग आला आणि १८९९ च्या सुमाराला यंत्रं, दगड, कारागीर असं सगळं बिऱ्हाड मळवलीला हललं. आज आपल्या लोकलमधून ट्रेकरांचे जथे लोहगड-विसापूरला जायला जिथे उतरतात, तिथेच कधीकाळी हिंदुस्थानभरच्या देव्हाऱ्यांतली लक्ष्मी आणि सरस्वती छापली जात होती. पुढे हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं घेतला. १९७२ मध्ये तो आगीत खाक झाला, आणि ही हानी मावळानं कधी पुरेशी मोजलीच नाही असं मला वाटतं. मळवली स्टेशनवर त्याची मोठी, ठळक खूण हवी होती.

रविवर्म्यांच्या देवींच्या उभं राहण्यात, हातांच्या ठेवणीत, मागच्या महिरपीत रंगमंच दिसतो. नायिका नऊवारीत, प्रकाश एका बाजूनं, आणि क्षण असा निवडलेला की पुढचं वाक्य प्रेक्षकानं मनात म्हणावं. हा संगीत नाटकाचा काळ. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं होतं, आणि शकुंतला एकाच वेळी रंगमंचावर आणि भिंतीवर नांदत होती.

चिंचवडचे कीर्तनकार, मुंबईची राणी

आता पिंपरीहून एक स्टेशन पुढे, चिंचवडला. मोरया गोसावींच्या या गावात हरिपंत चापेकर कीर्तन करायचे आणि मुलं त्यांच्या साथीला असायची. कीर्तन म्हणजे एकपात्री नाटकच. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, आणि आख्यानातला रावण कोणाकडे बघून रंगवायचा हे कीर्तनकाराच्या हातात. या मुलांनी कीर्तनाचा फड सोडून वेगळाच प्रयोग केला. १८९६ मध्ये दामोदर आणि बाळकृष्ण मुंबईला गेले आणि फोर्टमधल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला त्यांनी डांबर फासलं, वर जोड्यांची माळ घातली. सकाळी मुंबई उठली ती या देखाव्यानं. सरकारला करणाऱ्याचा पत्ता लागला नाही. तो लागला पुढच्या वर्षी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर, दामोदरांनी स्वतः सांगितलं तेव्हा.

बडोद्याचा धागा इथेही निघतो. तो पुतळा मुंबईला भेट दिला होता खंडेराव गायकवाडांनी, म्हणजे मल्हाररावांच्या थोरल्या भावानं! इंग्रजांवर एवढी निष्ठा दाखवणाऱ्या घराण्याच्या पदरात काय पडलं, ते १८७५ मध्ये दिसलंच होतं.

पुण्यात भाऊसाहेब रंगारींनी १८९२ मध्ये गणपती बसवला तो लाडू खात बसलेला नव्हता. राक्षसाला आडवा करून त्याच्यावर झेपावलेला गणपती! भुसा आणि लाकडाच्या लगद्यातून घडवलेली ती मूर्ती आजही बसते. राक्षसावर कोणाचं नाव लिहिलेलं नाही. ते बघणाऱ्यानं आपलं आपण भरायचं. त्याच दशकातल्या गाईच्या अंगात देव असलेल्या छापील चित्रांतही समोर तलवार उगारलेला राक्षस उभा असायचा, आणि तिथे काहींनी त्या जागी आपल्या शेजाऱ्याचा चेहरा बघितला. नाव न लिहिण्याची ही पद्धत तिथे घातक ठरली.

आणि १५ जून १८९७ चा ‘केसरी’. त्यात शिवाजी महाराज जागे होऊन आपल्या राज्याची दशा बघतात आणि बोलतात, अशी कविता होती. खाली सही भवानी तलवारीची. सातच दिवसांनी, २२ जूनला, राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सरकारी वकिलानं न्यायालयात वाचून दाखवलं ते काय, तर एका पात्राच्या तोंडचे उद्गार! नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी. दोमिएला पॅरिसमध्ये जो आडोसा मिळाला तो इथे मिळाला नाही. हिंदुस्थानात सरकार पात्रालाही जबाबदार धरायला निघालं होतं.

कीचक म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं

‘केसरी’त टिळकांच्या हाताखाली तयार झालेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. १९०७ मध्ये त्यांचं ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. गोष्ट महाभारतातली, विराटाच्या घरची, प्रत्येक आजीला पाठ असलेली. कीचकाला सैरंध्री हवी आहे. कंकभटाच्या वेशातला धर्मराज म्हणतो, थांबा, सबुरीनं घ्या. बल्लवाच्या वेशातला भीम थांबायला तयार नाही. शेवट काय, तो नावातच आहे.

कर्झन १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता. बंगालची फाळणी करून गेला होता. प्रेक्षागृहात बसलेल्या कोणालाही समजावून सांगायची गरज पडली नाही: कीचक कर्झन, सैरंध्री हिंदभूमी, धर्मराज मवाळ, भीम जहाल. वर्षानुवर्षं ‘हिंदी पंच’च्या चित्रांत कर्झनचा ताठा बघितलेला, भिंतीवर रविवर्म्याची सैरंध्री बघितलेला प्रेक्षक होता तो. वाचायची सवय त्याला चित्रांनीच लावली होती. रंगमंचावर पडदा वर गेला तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं होतं.

सरकारला हे कळायला तीन वर्षं लागली. १९१० मध्ये बंदी आली आणि ती आली त्याच १८७६ च्या कायद्याखाली, डुकराच्या आणि कोकराच्या प्रहसनातून जन्मलेल्या. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल हिंदुस्थान फिरून गेला आणि त्यानं त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात या नाटकाची फोड करून इंग्रज वाचकाला सांगितलं, की नाव कुठे नसलं तरी थिएटरातल्या प्रत्येकाला कीचक कोण ते माहीत आहे. याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनमध्ये चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. पण नाटकाबद्दल चिरोलनं लिहिलेलं अचूक होतं. प्रेक्षकाला खाडिलकर जितके कळले तितकेच ते शत्रूलाही कळले होते.

कर्झन गेला, टिळक गेले, राज्य गेलं, छापखाना जळाला. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा मात्र कायद्याच्या पुस्तकात ठाण मांडून बसला. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं तो तिथेच होता. संसदेनं जुने कायदे काढून टाकण्याच्या विधेयकात त्याला निकाली काढलं आणि २०१८ च्या जानेवारीत तो अखेर रद्द झाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, ती आजही लागते.